गळ्याचं माप

त्या वर्षी मे महिन्यात मी अंधेरीत स्वेटर घालून फिरत होते. घामाने निथळणाऱ्या बाकीच्या सिस्टर्स आधी हसल्या, मग त्यांनी काळजी केली आणि मग त्या कंटाळल्या. मला थंडी वाजत होती, एवढंच मला माहीत होतं. का वाजते हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडे असे प्रश्न स्वतःला विचारायचे नसतात, सहन करायचं असतं, आणि सहन करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

हे लिहायचं कारण एकच. माझ्यासारखी एखादी कुठे असेल, मठात नाहीतर संसारात, सकाळी उठवत नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत असेल, तर तिने आधी आपल्या गळ्याला हात लावून बघावा. बाकी मला इतरांना शिकवण्यासारखं फारसं काही उमगलेलं नाही. झालं ते सांगते. त्यातलं आजाराचं किती आणि माझं किती, हे मला आजही धड सांगता येत नाही.

मी मूळची मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातली. बाविसाव्या वर्षी मठात आले आणि या गोष्टीच्या वेळी तिशी गाठली होती. मठाला लागूनच आमची मराठी शाळा, तिथे तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. आठवड्यातून दोनदा बसने आरे कॉलनीत जायचे, तिथल्या पाड्यांवर बायकांना वाचायला शिकवायला. आणि डिसेंबरात माझी अखेरची व्रतं होती. आधीची व्रतं काही वर्षांपुरती असतात, अखेरची घेतली की मरेपर्यंत. त्याआधी 'मला राहायचंय' की 'मला जायचंय', हे आमच्या प्रॉव्हिन्शियलना, म्हणजे विभागाच्या प्रमुख सिस्टरना, स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत होती.

झोप

सुरुवात कधी झाली ते आठवत नाही. एके दिवशी पहाटेच्या मननात माझी मान छातीवर पडली आणि शेजारच्या सिस्टर फिलोमिनाने कोपर मारलं. मग ते रोजचंच झालं, मननात आणि त्यानंतरच्या मिस्सेच्या उपासनेतही. फिलोमिना माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मंगळूरकडची, कामाला वाघ आणि जिभेला सुरी. "तुझ्या घोरण्यावर एखादं स्तोत्र बसवायला हवं," ती म्हणाली.

नुसती झोप असती तरी चाललं असतं. डोक्यातही धुकं भरलं होतं. व्हरांड्यात उभी असायचे आणि इथे का आले ते आठवायचं नाही. लहानपणापासून तोंडपाठ असलेली श्रद्धेची प्रार्थना एकदा अर्ध्यावर तुटली. पुढचा शब्द काय ते शोधताना मी इतकी घाबरले की डोळ्यांत पाणी आलं. आवाज घोगरा झाला. कॉयरमधून मला काढलं, म्हणजे "थोडी विश्रांती घे" म्हणाले.

एकदा पाड्यावर बायकांना 'म' गिरवायला देऊन मी झाडाला टेकले. डोळे उघडले तेव्हा अंगावर गोधडी होती आणि बायका माझ्या पायाशी बसून निमूटपणे पाटीवर 'म' काढत होत्या. एकजण म्हणाली, "बाई, तुमी दमल्याव. शाळा आमीच केली." मी ओशाळले आणि बस पकडली. तीही उलट्या दिशेची.

शाळेत मात्र माझा वर्ग एकदम शांत. तासाच्या मध्ये माझाही डोळा लागायचा, नाही कशाला म्हणू? पण पोरं आवाज करायची नाहीत. हेडमिस्ट्रेस बाहेरून जाताना कौतुकाने बघायच्या. निदान शिस्त तरी लावली आपण पोरांना, असं मला वाटायचं, आणि त्या दिवसांत अभिमान वाटावा असं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं.

कबुली

दर पंधरा दिवसांनी एक वयस्कर फादर आमच्या चॅपलमध्ये कुमसार ऐकायला, म्हणजे पापांची कबुली ऐकायला येत. दर वेळी माझं एकच पाप. आळस. "फादर, मी मननात झोपले. मिस्सेतही झोपले. प्रार्थनेत मन लागत नाही. काहीच वाटत नाही." फादर भले माणूस. सुरुवातीला म्हणाले, मोठमोठ्या संतांनाही असा कोरडा काळ येतो. हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटलं. संतांच्या पंगतीत पाट मिळाल्यासारखं. पण संत झोपत नसत, उलट जागत. तेव्हा फादरांनी प्रायश्चित्त वाढवलं. अर्धा तास आधी उठायचं.

मी अर्धा तास आधी उठू लागले आणि अर्धा तास जास्त झोपू लागले, गुडघ्यांवर.

याशिवाय आमच्या मठात एक जुनी रीत अजून चालू होती. महिन्यातून एकदा सगळ्यांनी जेवणघरात गोल बसायचं आणि एकेकीने आपला दोष सांगायचा. मग बाकीच्यांनी, प्रेमाने, तिचा राहिलेला दोष दाखवायचा. माझी पाळी आली की राहिलेलं काही नसायचं. तरी एकदा फिलोमिना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सिस्टर रेजिनाच्या वाटणीची भांडी गेले दोन महिने मी घासते आहे. मला राग येतो. हा माझा दोष." माझ्याने रडवेना, तेवढी ताकदही अंगात नव्हती.

त्याच जुलैत माझ्या वर्गात एक मुलगी बाकावर डोकं टेकून झोपली. सुशीला तिचं नाव, बारकीशी, दोन वेण्या, आरेच्या गोठ्यांकडून चालत यायची. मी तिला हाक मारली, ती उठली नाही. मी जवळ गेले आणि तिच्या गालात मारली. जोरात. "झोपायला येतेस का शाळेत?" ती उठून उभी राहिली. रडली नाही, नुसती बघत राहिली. मी पुढचा धडा काढला.

त्या शनिवारी कुमसारला मी पुन्हा आळसच सांगितला. सुशीलाचं नाव माझ्या तोंडी आलं नाही. लपवलं असंही नाही, ते मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

परब मास्तर

ऑगस्टपर्यंत माझं ठरलं होतं. देवाने मला बोलावलंच नव्हतं, मी उगाच आत शिरले. मरोळला भावाच्या घरी परत जायचं, गावठाण काय म्हणेल ते ऐकायचं. आई तर रोज संध्याकाळी क्रुसापाशी माझ्या नावाने मेणबत्ती लावत होती. तिला काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. तरी चिठ्ठी लिहिली. पाच ओळींना दोन दिवस लागले, अक्षर असं की माझं मला ओळखू येईना. ती पाकिटात घातली, झग्याच्या खिशात ठेवली आणि मदरकडे, म्हणजे आमच्या मठाच्या प्रमुखांकडे, द्यायला निघाले.

दारातच फिलोमिना भेटली. "चल, मास्तर आलेत. तुझं माप घ्यायचंय."

अखेरच्या व्रतांना नवा झगा शिवतात. मी जाणार होते, पण ते कोणाला ठाऊक नव्हतं. मी तिच्या मागोमाग गेले.

परब मास्तर मालवणकडचे. आमच्या मठाचे झगे कित्येक वर्षं तेच शिवत होते. आमच्याकडे मापाची एक पद्धत आहे. पुरुषाने सिस्टरच्या अंगाला हात लावायचा नाही. टेप दुसऱ्या सिस्टरने धरायची आणि आकडा वाचायचा, मास्तर चार हात लांब, पाठमोरे बसून वहीत लिहिणार. कमर मोजून झाल्यावर फिलोमिनाने वेलखालून, म्हणजे डोक्यावरच्या ओढणीखालून, टेप माझ्या गळ्याभोवती घेतली.

"साडेचौदा."

मास्तरांची पेन्सिल थांबली. "परत बघा सिस्टर. मागल्या खेपेक तेरा होता."

फिलोमिनाला चूक दाखवलेली खपत नाही. तिने टेप पुन्हा लावली. "साडेचौदाच. वजन वाढलंय तिचं. दिवसभर झोपते ना."

"वजन वाढला तर कमर वाढतली. कमर अर्धोच इंच वाढली हा. गळोच कसो एवढो वाढलो?" मास्तर वळले. इतक्या वर्षांत मला वाटतं पहिल्यांदाच त्यांनी आमच्यापैकी कोणाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "सिस्टर, माझ्या बायलेक असाच झाला होता. ती पण दिवसभर निजान ऱ्हवायची. आम्ही तिका आळशी म्हणायचो. डॉक्टराक दाखवा. झग्याचा मगे बघू."

फिलोमिना टेप गुंडाळत बसली, गुंडाळून झाली तरी.

मी तशीच मदरच्या खोलीत गेले आणि पाकीट पुढे केलं. मदरचं वय झालेलं, बोलणं मोजकं. माझ्या मागून फिलोमिना आली होतीच, तिने गळ्याचं सांगितलं. मदरने पाकीट न उघडता टेबलाच्या खणात टाकलं. "आधी डॉक्टर. आजारी माणसाची सही मी पुढे पाठवत नाही."

"मी आजारी नाही मदर, मी आळशी आहे," मी म्हटलं. आज हसू येतं. तेव्हा मी अगदी मनापासून बोलत होते.

पार्ल्याच्या डॉक्टरीणबाई

पार्ल्याला स्टेशनजवळ एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. "घोट घ्या. गिळा." त्या गळ्याकडे बघत होत्या. घोट्यावर लहानशी हातोडी मारून पाय कसा हलतो ते पाहिलं.

"कधीपासून वाटतंय असं?"

"असं म्हणजे?"

"तुम्हीच सांगा. काय होतंय?"

मी विचार करून म्हटलं, "देव लांब गेल्यासारखं वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी हातोडी खाली ठेवली. "ते माझ्याकडे येत नाही. थंडी वाजते का?"

वाजते. केस गळतात? माहीत नाही, वेल असते. चेहरा सुजला? आमच्याकडे मोठा आरसा नाही. पाळी? मी फिलोमिनाकडे बघितलं, ती उठून बाहेर गेली. पाळीचाही घोळ होता, आणि तोही मी देवावर सोडला होता.

दोन दिवसांनी तपासणीसाठी परळला पाठवलं. तिथे एका पेल्यात औषध प्यायला दिलं. दिसायला नुसतं पाणी. "ट्रॉम्बेहून येतं हे सिस्टर, अणूवालं. घाबरू नका, चिमूटभर आहे," तिथला माणूस म्हणाला. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर यंत्र लावून ते किती शोषलं गेलं ते मोजायचं होतं. "वेल काढावं लागेल. आणि गळ्यातली साखळी."

आठ वर्षांत परक्या पुरुषासमोर मी वेल काढलं नव्हतं. मी पिना चाचपत राहिले. मग फिलोमिना पुढे झाली आणि तिने पिना काढल्या. वेल उतरलं तसा तिचा हात माझ्या डोक्यावरच थांबला. मागच्या बाजूला केस जवळजवळ उरलेच नव्हते.

"हे कधीपासून?" ती हळूच म्हणाली.

"माहीत नाही."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. परतताना बसमध्ये तिने माझी पिशवी स्वतःकडे घेतली आणि अंधेरी येईपर्यंत सोडली नाही. पुढे रिपोर्ट येऊन गोळ्या सुरू झाल्या, त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या दारावर एक टकटक व्हायची. दारात ती, एका हातात पाणी, दुसऱ्या हातात गोळी. "घे. आणि विचारू नकोस, औषधाने मिस्सेआधीचा उपास मोडत नाही. मी फादरना विचारून आले." माफी तिने कधी मागितली नाही. गोळी मात्र वर्षभर चुकली नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. तुमची झोपली आहे, म्हणून तुम्ही झोपता. गोळी जन्मभर घ्यायची. दोन महिन्यांत माणसात याल."

मग माझं काय?

लोकांना वाटतं, रोगाचं नाव कळलं की जीव भांड्यात पडतो. माझा पडला नाही. मी अधिकच गोंधळले. वर्षभर मी जे पाप म्हणून सांगत होते ती ग्रंथी होती. मग ज्या क्षमेचा आशीर्वाद मला मिळाला, तो कशाला लागला? अर्धा तास लवकर उठून मी कोणाला खूश केलं? आणि ती चिठ्ठी कोणी लिहिली, मी की ग्रंथीने?

ऑक्टोबर लागेपर्यंत स्वेटर सुटला. एका सकाळी मननात मी जागी राहिले, पूर्ण वेळ. बाहेर कावळे ओरडत होते, मेणबत्तीची वात वाकडी होती, सगळं दिसत होतं. प्रार्थना सुचली. तेवढ्यात मनात आलं, अगं, ही तर गोळी! पाप ग्रंथीचं होतं तर भक्तीही गोळीचीच की. मग माझं म्हणून उरतं काय? त्या विचाराने मला घाम फुटला. वर्षात पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंना मी तसं विचारलं. त्या नाडी बघत होत्या. "सिस्टर, गोळीने माणूस जागा होतो. जागं होऊन काय करायचं त्याची गोळी मला मिळालेली नाही. पुढचं रक्त दिवाळीनंतर."

फादरनाही सांगितलं. ते जाळीपलीकडून म्हणाले, "म्हणजे मी एका आजारी मुलीला लवकर उठायची शिक्षा दिली. हे आता मला सांगायला जावं लागेल, माझ्या फादरांकडे." मला हसू आलं आणि त्यांनाही. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आणखी काही, बाळ?"

नाही म्हणणार होते. आणि त्या जागी, गुडघ्यांवर, चांगली जागी असताना, मला सुशीला दिसली. उभी, रडत नसलेली.

"एका मुलीला मारलं, फादर. ती झोपली होती म्हणून."

"तेही आजारपणात?"

"हो."

"मग तेही—"

"नाही," मी म्हटलं. त्यांना असं मध्येच तोडायचं नसतं. "फादर, मी झोपत होते ते ग्रंथीमुळे. तिला मारलं तेव्हा मी जागी होते."

हे बरोबर होतं का? डॉक्टर सांगतात, या आजारात चिडचिडही वाढते. असेल. पण वर्षभराची सगळी पापं माझ्या हातून काढून घेतली होती. हे एक मी सोडायला तयार नव्हते.

सुशीला

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी सुशीलाला थांबवलं. ती घाबरून भिंतीला चिकटून उभी राहिली. मी बाकावर, तिच्या उंचीला बसले.

"जुलैत मी तुला मारलं होतं. आठवतं?"

मान हलली.

"ते चुकलं माझं. तू का झोपली होतीस, विचारायला हवं होतं मी."

"आईसंगती शेण काढाया जाते सिस्टर. लवकर उठाया लागतं," ती म्हणाली. मग थोडा धीर आला असावा. "तुमाला पण लवकर उठाया लागतं ना? म्हणून तुमी पण झोपायच्या."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "तुम्ही सगळे बघत होतात?"

"हां. सगळ्यांनी ठरवलेलं ना. तुमी झोपल्या की पाढे मनात म्हणायचे. बारकी पोरं बडबडायची, मग मी त्यांना गप करायची. मोठ्या बाई बाहेरनं गेल्या की मी तुमच्या टेबलावर डस्टर वाजवायची, म्हणजे तुमी उठाल."

खरंच, डस्टरच्या आवाजाने मी दचकून उठायचे. खडू झटकायला कोणी आलं असेल, असं वाटायचं मला.

"मी मारलं त्याच्यानंतर पण?"

"हां," ती म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा. "तुमी लय दमायच्या."

माझ्या शिस्तीचा वर्ग तो हा. मला रडू फुटलं, आणि या खेपेला रडायला पुरेसा जोर होता. सुशीला गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तर खाली ठेवलं आणि माझं रडणं संपेपर्यंत दाराशी पहाऱ्याला उभी राहिली, कोणी येऊ नये म्हणून.

तिथून मी थेट मदरकडे गेले. "माझं पाकीट परत हवंय."

मदरने खण उघडला. पाकीट तसंच होतं, बंद. "ओढ परत आली?"

"माहीत नाही, मदर. खरंच माहीत नाही. पण ज्यांच्याकडे मला पाठवलं होतं, ती पोरं मला जूनपासून सांभाळत होती. आता जागी झाले आहे, तर त्यांना टाकून कुठे जाऊ?"

"हेच लिही," मदर म्हणाली, आणि कोरा कागद पुढे केला.

नवा झगा

डिसेंबरापर्यंत गळा चौदावर आला होता. परब मास्तरांनी शिवणीत कापड दाबून ठेवलं होतं. "घट झाली तर आत घेव, वाढ झाली तर सोडू," ते म्हणाले. बायको बरी आहे का, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. बरी होती. भांडते आता, म्हणाले, अगदी खुशीत.

अखेरच्या व्रतांत एक विधी असतो. व्रत घेणारी वेदीसमोर फरशीवर पालथी पडते, कपाळ जमिनीला, हात पसरलेले, आणि चर्च सगळ्या संतांची नावं घेत तिच्यासाठी प्रार्थना करतं. लांबलचक असतो तो. पहाटेपासून मला एकच भीती. आता इथे डोळा लागला तर? फिलोमिनाने सकाळी गोळी देताना बजावलंच होतं, "घोरलीस तर मी तिथे येऊन कोपर मारीन."

मी फरशीवर पडले. गार लागली, पण ती सगळ्यांनाच लागली असती. आई पहिल्या बाकावर होती, हातात मेणबत्ती, इतकी रडत होती की तिचा श्वास मला ओळखू येत होता. मागच्या बाकांवर माझा तिसरीचा वर्ग, गणवेशात, पावडर लावून आणलेला. नावं सुरू झाली. देव जवळ आहे की लांब, ते मला त्याही वेळी कळत नव्हतं. मी नुसती ऐकत होते.

दोन नावांच्या मध्ये क्षणभर शांतता झाली, आणि मागून कोणीतरी कुजबुजलं. लगेच दुसरा आवाज आला, बारीक पण ठाम, तो मी कुठेही ओळखला असता.

"शूः! गप बसा रे. सिस्टर झोपल्यात."

आणि सबंध वर्ग चिडीचूप झाला. फरशीला कपाळ टेकलेलं, माझे खांदे हसण्याने हलत होते, आईला वाटलं मी रडते आहे. मी टक्क जागी होते.